न पाहिलेली ओल

मैत्रिणीचं भलं करायचं तर तिला वाईट वाटेल याची पर्वा करायची नसते, असं पट्टी म्हणाली. अगदी गंभीरपणे म्हणाली. हातातला ब्रश खाली ठेवला, हातमोजे काढले आणि मग धादांत खोटं बोलली.

खोटं असं होतं: परदेशातल्या त्या शहरात एक्स्चेंजवर शिकायला आलेल्या मुलींना तळघरात ठेवतात. भिंतींना बारा महिने ओल. कपाटामागे बुरशी. गेल्या खेपेला दुसऱ्याच कुठल्या विद्यापीठातून आलेल्या एका मुलीला खोकून खोकून शेवटी दवाखान्यात हलवावं लागलं. हे कोणी सांगितलं, तर एका ओळखीच्या बाईनं. ओळखीच्या बाईचा हा मोठा फायदा असतो, ती नसली तरी चालते.

दोघी विद्यापीठात जुन्या पुस्तकांची दुरुस्ती शिकत होत्या. भिजलेली, कसर लागलेली पुस्तकं यायची, त्यांचं पान न् पान सुटं करून, पातळ कागदाचा आधार लावून परत जायची. त्या विभागात बुरशीचं नुसतं नाव काढलं तरी माणसं उठून खिडक्या उघडत. डाग दिसलेलं पुस्तक वेगळ्या खोलीत जायचं आणि ते आणणाऱ्याकडेही आठवडाभर संशयानं बघितलं जायचं. त्यात ऐकणारीला दमा होता. पहिल्याच दिवशी तिनं पानावरची धूळ तोंडानं फुंकली होती. तिथे ते महापाप, म्हणून तिचं नाव फुंकर पडलं. अख्ख्या विभागात जिच्या छातीत सगळ्यात कमी दम, तिचं हे नाव. पट्टी ही पट्टी होती, कारण ती आलेलं पाकीटसुद्धा कडेला पट्टी लावून फाडायची.

एक्स्चेंजसाठी शहरं दोनच. पहिल्या, म्हणजे पट्टीच्या त्या तळघरवाल्या शहरात एक म्हातारे मास्तर होते. चिकटलेली पानं त्यांना बघूनच सुटतात, अशी त्यांची ख्याती. यंदाच्या तुकडीनंतर ते निवृत्त होणार होते. दुसऱ्या शहरात स्कॅनर होते. चांगले होते.

पहिल्या शहराला दरवर्षी एकच मुलगी जायची. फुंकरचे गुण पट्टीपेक्षा थोडेसेच जास्त होते, पण निवडीला थोडेसेच पुरतात. इकडे पट्टीच्या वडिलांनी सगळ्या नातेवाइकांत पहिल्या शहराचं नाव सांगून ठेवलं होतं. मामानं जाडजूड कोट आणला होता आणि तो घालून फोटोही झाले होते.

फुंकरनं सगळं ऐकून घेतलं. खिशातला पंप काढून ओढला, बुरशी बोलण्यातूनही पसरत असल्यासारखा.

"बरं झालं बाई सांगितलंस," ती म्हणाली. "माझ्या आईला कळलं असतं तर तिनं मला विमानातून उतरवून आणलं असतं."

त्याच दुपारी ती विभागप्रमुख बाईंकडे जाऊन पसंती बदलून आली. आल्यावर तिनं पट्टीचा हात घट्ट दाबला. पट्टीनं तो हात नंतर बराच वेळ धुतला. कागदाला लावण्याआधी हात धुवावाच लागतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पुढचे दिवस वाईट गेले. खोटं पचतं, त्याबद्दलचे आभार पचत नाहीत. फुंकरनं तिला घरी जेवायला नेलं. आईनं समोर बसून आग्रहानं वाढलं आणि शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून सांगितलं की, माझी पोर हिच्यामुळे वाचली. काकूंनी पट्टीच्या तोंडावरून हात फिरवला. पट्टीनं मान ताटात घातली, तर आई म्हणाली, किती लाजते बघा. खरं सांगून टाकायचं, असं पट्टीनं तिथेच ठरवलं. नावं जाहीर झाली की लगेच, असंही ठरवलं. शरम तिला मनापासून वाटत होती. फक्त शरमेला तिनं पुढची तारीख दिली होती.

सोमवारी बाईंनी वर्गात नावं वाचली. दुसरं शहर: फुंकर. दुसरं शहर: पट्टी.

पट्टीनं मान वळवली. फुंकर हसत होती.

"रागावू नकोस," ती कुजबुजली. "त्याच दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, ही हट्टी आहे, मला वाचवेल आणि स्वतः त्या तळघरात जाऊन पडेल. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. आपल्याला एकच खोली मिळालीय. मोठी खिडकी आहे."

मला तिथेच जायचं होतं, असं पट्टीला म्हणता आलं असतं. पण मग, बुरशीत कशाला, असं विचारलं गेलं असतं. पट्टीनं तोंड उघडलं आणि थँक्यू म्हटलं. फुंकरनं तिला सगळ्यांदेखत मिठी मारली.

तास संपल्यावर पट्टी बाईंच्या खोलीत गेली. कबुली द्यायचीच, असं दारापर्यंत पक्कं होतं. बाईंनी तिला बसवलं, स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला आणि अशी मैत्रीण हल्ली मिळत नाही म्हणाल्या. कबुली चहाबरोबर खाली गेली. पहिल्या शहरातल्या वसतिगृहाची चौकशी केली होती का, एवढंच पट्टीनं चाचरत विचारलं. बुरशी आहे म्हटल्यावर कोणी चौकशीला थांबतं का, असं बाई म्हणाल्या. या वर्षी कोणीच येणार नाही, असं त्यांनी तिकडे कळवूनही टाकलं होतं.

"म्हणजे ती जागा फुकट गेली," पट्टी म्हणाली.

"दोन गेल्या," बाई म्हणाल्या. "मास्तरांची शेवटची तुकडी, म्हणून यंदा दोन दिल्या होत्या त्यांनी. मी तुम्हां दोघींचीच नावं टाकली होती."