माहितीपत्रकातला फोटो

"ह्या तुम्हीच ना, मॅडम?" काकांनी कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या माझ्या फोटोवर बोट ठेवलं. बोटाचं पीठ फोटोला लागलं. गिरणी बंद ठेवून ते लेकीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आले होते. फोटोखाली छापलं होतं, 'शिक्षण संपताच नोकरी'.

"हो, मीच," म्हणत मी शैक्षणिक कर्जाचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. आठ लाखांचा. "सहकर्जदार म्हणून इथे तुमची सही. मुलीला नाही जमलं, तर हप्ते तुम्ही भरायचे."

इतकं उघड सांगायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय. मी सांगतेच. माझ्या वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतरही ते एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत.

काकांचा हात थबकला. शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "ताई, तुम्हाला कुठल्या कंपनीत लागली नोकरी?"

दोन वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. खोटं बोलणं जिवावर आलं.

"कंपनीत नाही गं. दीड वर्ष घरीच होते. मग कॉलेजनेच इथे, प्रवेशाच्या टेबलावर बसवलं. निम्मा पगार माझ्याच कर्जाच्या हप्त्यात जातो."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. काकांचा चेहरा मात्र खुलला.

"बघ," ते तिला म्हणाले, "आपल्या पोरांना वाऱ्यावर सोडत नाहीत हे लोक." आणि त्यांनी सहीसाठी हात पुढे केला.

पेन माझ्याकडे होतं. मी दिलं.