लिंकवरचा फोटो

"काका, गणपतीला गावी जायच्या गाडीची लिंक आज ग्रुपवर जायची आणि वर फोटो काकींचा. बरं दिसेल का हे?" मयूर उंबऱ्यातूनच म्हणाला.

जयवंतने त्याला आत घेतलं, पंखा लावला. मयूर गावच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. मंडळाची वेबसाइट मात्र जयवंतची. निवृत्त झाल्यावर शिकून त्यानेच ती उभी केली होती, सांभाळतही तोच होता. साइटची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की सोबत एक फोटो आपोआप दिसतो. कुठला दिसावा, ते आधी ठरवून द्यावं लागतं. बायको, रखमा, गेली तेव्हा तिच्या शोकसभेच्या लिंकवर तिचा फोटो यावा म्हणून जयवंतने तसं ठरवून दिलं, आणि त्या गडबडीत एका पानाऐवजी सगळ्या साइटलाच तो लावून बसला. तेव्हापासून सत्यनारायण असो, हळदीकुंकू असो की दहावीच्या मुलांचा सत्कार, लिंक आली की हार घातलेली रखमा हजर.

पहिल्यांदा लोक भिडेखातर गप्प राहिले. मग एका नव्या सुनेने काकी कालच गेल्या असं समजून सासूला फोन लावला आणि यथासांग रडून घेतलं. कमिटीत बोभाटा झाला. शुभकार्याच्या निमंत्रणावर मयताचा फोटो, हे काही कोणाला पटेना.

जुना फोटो लोकांच्या फोनात साठून राहतो, निघायला वेळ लागतो, असं जयवंतने सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

"साठतो ते मला ठाऊक आहे," मयूर आवाज खाली आणून म्हणाला. "तुम्ही बदललात का, तेवढं सांगा."

जयवंत चहा ठेवायला उठला. बदलणं हा चहा उकळेपर्यंत होणारा प्रकार होता. पण लालबागच्या या खोलीत रखमाला बघणारा तो एकटाच उरला होता, आणि त्याला त्याची भीती वाटायची. लिंक गेली की वडाळा, शीव, काळाचौकी, सगळीकडच्या फोनांवर ती दिसायची. तेवढा दिवस त्याला बरा जायचा.

मयूर काही वाईट मुलगा नव्हता. जयवंतने केलेला गोडमिट्ट चहा त्याने निमूट संपवला. कमिटी साइट बाहेर कोणाला तरी द्यायचं म्हणतेय, एवढं जाता जाता त्याने सांगितलं.

तो गेल्यावर जयवंतने रखमाचा फोटो काढून गावच्या गणपतीचा लावला. गाडीच्या लिंकच्या शेवटी एक आकडा जोडला, म्हणजे फोनाला ती नवी वाटते, आणि ती ग्रुपवर टाकली. गणपती आला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. रखमा गेल्याचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याने फोन पालथा घातला.

संध्याकाळी बुधाजीचा फोन आला. बुधाजी जुना गिरणी कामगार, आता वडाळ्याला मुलाकडे राहायचा आणि गणपतीला न चुकता मंडळाच्या गाडीने गावी जायचा.

"जयवंता, औंदा गाडी नाय काय रे? सगळे नावा देतत म्हणे. माका काय इलाच नाय."

आलंय, नीट बघ, गणपतीचा फोटो आहे त्यावर, असं जयवंतने सांगितलं.

"माका अक्षरां खंय दिसतत? वयनी दिसली काय मंडळाचा काय तरी इला, असा समजतंय. मगे नातीक सांगतंय, ह्या उघड."

यापुढे वयनी यायची नाही, गणपतीच येईल, तोच उघडायचा, असं जयवंतने कसंबसं समजावलं.



"गणपती सगळेच धाडतत रे," बुधाजी म्हणाला. "वयनी तू एकटोच धाडी होतस."