खालच्या गावचा उद्योग

"दोन्ही गावांची नावं घालता येणार नाहीत," ज्ञानकोशाचा संपादक कळवळून म्हणाला. "एक उद्योग, एक गाव, एक शीर्षक. नियम आहे तसा."

"केला कोणी हा नियम?" आईने विचारलं.

"मीच."

"मग भोगा आता," बायको म्हणाली.

नियम करताना बिचाऱ्याला वाटलं होतं, गावागावांतली भांडणं मिटतील. भांडण आपल्याच घरातून डबा घेऊन कचेरीत येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. ‘क’च्या खंडात कुलूप-उद्योगावरचा लेख जायचा होता. कुलपांवर हक्क दोन गावांचा, वरच्या आणि खालच्या. मध्ये एक ओढा. बायको वरच्या गावची, आई खालच्या. वरचं नाव दिलं तर आई बोलणं टाकणार, खालचं दिलं तर बायको बोलतच राहणार. आणि खंड आजच छापायला जायचा होता!

बायकोने पिशवीतून वडिलांच्या हातचं पितळी कुलूप काढलं, दाराला आतून ठोकलं आणि किल्ली सरळ खिडकीबाहेर भिरकावली. "आमच्या गावाचं नाव लिहा, मग बाबांना दुसरी किल्ली घेऊन बोलावते. तोवर माझ्या बापाशिवाय हे कोणाच्या बापाला उघडायचं नाही."

तेवढ्यात बाहेरून छापखान्याच्या माणसाने दार बडवलं. "साहेब, पानं देताय ना? मशीन थांबवून आलोय!"

संपादकाला दरदरून घाम फुटला. आईने आधी कुलपाकडे पाहिलं, मग लेकाच्या तोंडाकडे. तिने अंबाड्यातला आकडा काढला, कुलपात घातला, कान लावला आणि मनगट जरासं वळवलं. कुलूप खटकन उघडलं.

सुनेचं तोंड एवढंसं झालं. "अगं बाई! हे तर बाबांनाही येत नाही. सासूबाई, कुठे शिकलात?"

"त्यात काय शिकायचंय? आमच्याकडे पोरीबाळींनाही येतं," आई फुशारली. "आम्ही कशाला कुलपं करत बसतोय! आमचे आजोबा तर नुसत्या अंधारात..."

एवढं बोलून तिने जीभ चावली.

संपादकाचा चेहरा मात्र खुलला. त्याने शीर्षकात बिनधास्त वरच्या गावाचं नाव लिहिलं आणि पानं दाराबाहेर दिली. "आई, तुमचा उद्योगच वेगळा निघाला गं. नियमाप्रमाणे तुमच्या गावाला स्वतंत्र लेख द्यावा लागेल."

सुनेने तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच. आता सासूबाईंचा पट्टा सुटणार, असं दोघांनाही वाटलं. पण आईने शांतपणे आकडा पुन्हा अंबाड्यात खोचला.

"दे की. आणि यांच्यापेक्षा मोठा दे. आम्ही रात्री उघडत होतो, म्हणून तर सकाळी यांची नवी कुलपं खपत होती!"