विकलेला काठ

पाणी हे सर्वांच्या मालकीचं असून त्यात उतरण्याचा हक्क कोणीही हिरावून घेऊ शकत नाही, असं कायदा म्हणतो. काठाबद्दल कायदा काही बोलत नाही. काठ मागच्या आठवड्यात विकला गेला.

म्हणून शिवणकाम करणाऱ्या मावशी सकाळपासून तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, आणि नवा रखवालदार काठावर. नव्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर, मावशींचे यजमान टॉवेल घेऊन उभे होते.

"मावशी, बाहेर या. खासगी जागा आहे."

"खासगी आहे म्हणूनच येत नाही. पाय टेकवला की पकडाल."

"मग आत कुठून गेलात? काठावरूनच ना?"

"जाताना पाहिलंत का?"

रखवालदार तेव्हा चहाला गेला होता.

"मी गेल्या महिन्यापासून पाण्यातच असेन," मावशी म्हणाल्या. "तेव्हा काठ विकला नव्हता. आणि तो सदरा खांद्यात काचतोय ना, दुपारी आणून द्या. ढिला करून देते." रखवालदाराचा गणवेश त्यांनीच शिवला होता.

"अगं, ओठ निळे पडलेत," यजमान कुंपणापलीकडून म्हणाले. "पुरे झाला हट्ट."

"तुम्ही टॉवेल भिजवू नका म्हणजे झालं."

शेवटी व्यवस्थापक आले. बुटांना चिखल लागणार नाही अशा बेताने उभे राहिले. "बाई, मालकांशी बोललोय. तुम्हाला कायमचा पास. फुकट. रोज या, हवं तेवढं पोहा. मालक दिलदार आहेत."

यजमानांचा चेहरा उजळला. मावशींनीही विचार केला. मशीन मारून मारून त्यांच्या गुडघ्यांचे हाल झाले होते. ते ठणकायचे थांबत ते फक्त या पाण्यात. पास घेतला तर उद्या पोहता येणार होतं, परवाही. मालक दिलदार असेपर्यंत.

"पास नको," त्या म्हणाल्या. "एकदा पास घेतला की तळं त्यांचं झालं. मी लहानपणापासून पोहतेय, ते कुणाच्या मेहेरबानीवर नाही."

"मग असं किती दिवस पाण्यात राहणार?"

"पाणी आहे तोवर," असं म्हणून मावशींनी पाठ फिरवली आणि सावकाश हात मारत त्या तळ्याच्या मध्याकडे निघाल्या.

व्यवस्थापक चिडले नाहीत. त्यांनी रखवालदाराला बसायला खुर्ची आणायला सांगितली.

तळं दर उन्हाळ्यात आटतं.