कूलरमधली बाळंतीण

जावई टेकताच उकंडरावांचा हात सवयीनं कूलरच्या बटनाकडे गेला आणि आशाबाई मधे येऊन उभी राहिली.

"मोटर जळाली ना," ती म्हणाली. "सकाळीच. धूर निघून राह्यला होता."

उकंडरावांनी बायकोकडे पाहिलं. सकाळपासून घरात उदबत्तीखेरीज कशाचाच धूर निघाला नव्हता. पण जावयासमोर बायकोला खोटं पाडायचं नाही, एवढं शहाणपण तीस वर्षांच्या संसारात त्यांना आलेलं होतं. ते मुकाट्यानं बसले आणि वर्तमानपत्राची घडी करून जावयाला वारा घालू लागले.

साखरखेर्ड्याचा मे महिना. जावई राजकुमार नुकताच त्यांच्या लेकीला, पुष्पांजलीला घेऊन चिखलीहून एसटीनं आला होता आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. धोंड्याचा महिना लागलेला. दर तीन वर्षांनी येणारा, जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा महिना. मागच्या धोंड्यात गावात लाइट नव्हती. राजकुमार घाम पुसत जेवला, वाण घेतलं आणि चारच्या गाडीनं बायकोला घेऊन परत गेला. माणूस सोन्यासारखा, पण गर्मीला कच्चा. पाच वर्षांत लेक माहेरी दोन दिवसांच्या वर कधी राहिली नव्हती. यंदा मात्र त्यानं स्वतः सासूला फोन केला. "मामी, पंधरा दिवस राहू म्हन्तो." आशाबाईनं आधी देवापुढं साखर ठेवली, आणि मग तिच्या लक्षात आलं की कूलरमध्ये बाळंतीण आहे.

बाळंतीण म्हणजे होल्याची, कबुतरासारख्या त्या पाखराची मादी. घरात दोघंच, त्यामुळे कूलर फक्त पाहुण्यांसाठी लागायचा. एरवी तो खिडकीबाहेर स्टँडवर रिकामा उभा. एप्रिलअखेर मागच्या जाळीचं गवत सरकलं होतं, तिथून ही आत शिरली आणि मोटरीच्या पाठीवर तिनं घर केलं. घर कसलं, दहा-बारा काड्या. आशाबाईला वाटलं, वाऱ्यानं पडल्या असतील. मग त्यांवर दोन पांढरी अंडी दिसली. "बाई, थोडं तरी अंथराचं होतं," ती म्हणाली.

तेव्हापासून ती पाय न वाजवता खोलीत यायची आणि समोरच्या पट्ट्यांमधून पाहायची. दिवसा एक बसायचं, उन्हं उतरली की दुसरं यायचं. एकानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं, कुरकुर नाही. हे तिनं उकंडरावांना दोनदा बोलावून दाखवलं. पंधराव्या दिवशी पिल्लं निघाली, पिवळट केसांची, इतकी कुरूप की आशाबाईला पुष्पांजलीचा बारशाचा फोटो आठवला. पिल्लं आईच्या चोचीत चोच खुपसून दूध ओढल्यासारखं काहीतरी ओढत. आज दहावा दिवस. पंखांवर पिसांचे खुंट आले होते. अजून पाचेक दिवस लागणार होते, आणि पंख्याचं पातं त्यांच्यापासून चार बोटांवर.

जावयाचा फोन आला तेव्हा उकंडरावांनी घरटं खोक्यात घालून लिंबावर ठेवायचं सुचवून पाहिलं होतं.

"तुमाले उचलून लिंबावर ठेवलं तं चालंन का?" तिनं विचारलं. विषय तिथंच मिटला.

तीन दिवस डोकं चालवून तिनं हे जळक्या मोटरीचं शोधून काढलं होतं. एकच गोष्ट तिच्या ध्यानातून सुटली. चिखलीत राजकुमारचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरी दुरुस्त करायचंच दुकान होतं. ऐन सीझनला भावाच्या हवाली करून तो आला होता.

"मोटर?" आल्यापासून पहिल्यांदाच राजकुमारच्या चेहऱ्यावर तेज आलं. "फोनवर काऊन नाई सांगतलं मामी? पाच मिनिटाचं काम."

"राहू द्या जवाईबापू. धोंडे खाले आले तुमी, कामाले नाई."

"समोर जळकी मोटर असली तं मले घास जात नाई." आणि सासरी येतानाही पेचकस सोबत ठेवणारा तो माणूस पिशवीतून पेचकस काढून बाहेर गेलासुद्धा.

आशाबाई अनवाणीच मागं धावली. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली. एकीकडं पिल्लं, दुसरीकडं लेक, आणि मधे तिचं खोटं. ते उघडं पडलं की चारची गाडी होतीच. पुष्पांजलीची बॅग तर अजून उघडलीही नव्हती.

राजकुमारनं पेच काढले आणि मागची जाळी बाजूला केली. आत होलीण अंग फुगवून बसली, पण जागची हलली नाही. तिच्या पोटाखालून दोन चोची बाहेर आल्या. राजकुमार वाकला तो वाकलेलाच राहिला. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता.

"खोटं बोलली मी," आशाबाई म्हणाली. "मोटर चांगली हाय. पन पाच दिवस तिले हात नाई लावू देनार. तुमाले रागवाचं तं रागवा."

झोपलेल्या लेकराच्या खोलीचं दार लोटावं तशी राजकुमारनं जाळी परत टेकवली. पेच आवळलेच नाहीत; आवाज झाला असता. मग दबक्या आवाजात हाक मारली, "पुष्पा, ये बरं इकडं. चपला काढून ये."

पुष्पांजली आली. फटीतून आत पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली.

"हासतं काऊन वं?" आशाबाईचा जीव टांगणीला लागलेला.

"आई, दुनियेचे कूलर दुरुस्त करता करता तुह्या जवायाले घरचा लावाले गेल्या हप्त्यात सवड भेटली, अन् उघडला तं आत होल्याचे दोन अंडे. मले म्हने, पिल्लं उडेपर्यंत चाल तुह्या माहेरी, तिथं तरी कूलरची हवा भेटंन."