धाकलूचं मत

“ते नाव खोडा साहेब. धाकलू कवाच मेला,” भिवाजी पाटील म्हणाले.

मतदारांची नावं लिहायला आलेला कारकून पारावर बसला होता. त्यानं समोरच्या सुंदराकडे पाहिलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या.

“बाई, नवऱ्याचं नाव?”

“धाकलू नागू,” सुंदरा ताडकन म्हणाली.

बाकीच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नवऱ्याचं नाव सांगायची वेळ आली की त्या एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, आणि ही बया चारचौघांत खुशाल नाव घेते!

“आहे ना तो?” कारकुनानं विचारलं.

“पाटलांनी मढं बघितलंय काय, इचारा.”

पाटलांनी बघितलं नव्हतं. गावात कुणीच बघितलं नव्हतं.

“मग बाईच्या कपाळाला कुंकू असताना मी नवऱ्याचं नाव कसं काढू?” कारकून म्हणाला, आणि धाकलूचं नाव राहिलं.

बेचाळीसच्या चळवळीत धाकलू आणि त्याचा जिवाचा दोस्त गोमा ठाकुरवाडीच्या वरच्या रानात विजेच्या तारांचा मनोरा कापायला गेले होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. महिन्याभरानं गोमा लंगडत परत आला, धाकलू आला नाही. अंधारात ताटातूट झाली, एवढंच गोमा सांगायचा. जास्त विचारलं की उठून जायचा.

तेव्हापासून सुंदरा रोज दिवेलागणीला ओट्यावर बसायची. परगावाहून येणारं माणूस पळसदरी स्टेशनाकडून यायचं, पण हिची नजर डोंगराकडे. तिकडं गेला म्हणून तिकडं बघते बिचारी, असं बायका म्हणायच्या. त्यांचंही खरंच होतं. धाकलूसाठी तिचा जीव तुटायचा. त्याचा आवाज, त्याचं खोकणं, उगाच चिडवणं, सगळं तिला हवं होतं. वालाच्या शेंगा सोलताना हात थांबायचा, आणि मग किती तरी वेळ ती तशीच बसून राहायची.

वटपौर्णिमेला मात्र ती वडाकडे फिरकायची नाही. पाटलीणबाई टोमणा मारायची, “कुंकू लावतेस, मग वडाला दोरा गुंडाळायला काय झालं गं?” सुंदरा घागर कमरेवर घेऊन पुढं निघायची. सर्वपित्रीला ती परसात कावळ्याला दोन पानं वाढायची. एक सासऱ्याचं. दुसरं कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणायची, “कावळा काय एकच येतो होय?”

धाकलूला मताचं भारी वेड. सदतीस साली निवडणूक झाली तेव्हा तो धुतलेलं धोतर नेसून मत टाकायला गेला होता. दारावरच्या शिपायानं हसून हाकलला. सारा भरणाऱ्याला मत, कुळाला कसलं रे मत? घरी येऊन धाकलू जेवला नाही. “आपलं राज्य आनू सुंदरे,” म्हणाला. “मग सरकार कोन बसवायचं ते मी बी ठरवीन. खोताचं एक मत, माजं बी एक.”

आता राज्य आलं होतं, घटना झाली होती. गावोगाव पेट्या निघाल्या होत्या.

“मताच्या दिवशी तरी येईल काय गं तुझा धाकलू?” पाटलांनी मतदानाच्या आदल्या दिवशी विचारलं.

“त्यांचं मत पडंल,” सुंदरा म्हणाली.

“अन् नाय पडलं तर? मग तरी पुसशील कुंकू?”

“पडलं की बघा.”

मतदान नदीपलीकडच्या शाळेत होतं. तिथले अधिकारी, उमेदवारांची माणसं, सगळे बाहेरगावचे. पाटील दुपारी गाववाल्यांना घेऊन वाजतगाजत गेले. सुंदरानं मत टाकलं, बोटावर शाई लावून घेतली आणि दाराशी थांबली. पाटलांना राहवलं नाही. त्यांनी डोळा मिचकावून अधिकाऱ्याला विचारलं, “साहेब, आमचा धाकलू नागू कुठं दिसला काय?”

अधिकाऱ्यानं यादीवरून बोट फिरवलं. “धाकलू नागू? सकाळीच येऊन गेला की. पहिल्या घोळक्यात होता.”

पाटलांनी वाकून स्वतः यादी बघितली. मग एकच गलका झाला. धाकलू जिता हाय! आला हुता! कुणी स्टेशनाकडे धावलं, कुणी डोंगराच्या वाटेला. पाटलीणबाईनं सुंदराला मिठी मारली आणि हमसाहमशी रडली. “जिंकलीस गं बाई,” म्हणाली. “तुझं कुंकू खरं झालं.”

सुंदराही रडली. मग डोळे पुसून एकटीच घरी निघाली. सगळं गाव धाकलूला हाका मारत रानोमाळ हिंडत होतं.

परसात गोमा बसला होता. आज तो कुणाला दिसला नव्हता. सुंदरानं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटावरची शाई वाळली होती.

“कुनी वळखलं नाय ना, भावजी?”

“नाय. धाकलू नागू म्हनून पुकारा झाला, मी ओ दिली.”

“कागद नीट पडला पेटीत?”

“माज्या हातानं टाकला.”

“आन तुमचं मत?”

“बोटाला शाई लागली वयनी, आता दुसऱ्यांदा कोन टाकू देतंय? माजं पुढल्या खेपेला. मी हाय ना अजून.”

सुंदरा डोंगराकडे बघत राहिली.

“तुमी मला रानात नेलं, तवा माज्या मांडीवर डोकं हुतं,” ती म्हणाली. “राज्य येईल सुंदरे, पन माजं मत ऱ्हायलं, म्हनत म्हनत गेले. आता नाय ऱ्हायलं.”

मग तिनं पदरानं कपाळ पुसलं, आणि दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले.