दारापर्यंतचे पोचे

कय्युमनं खडूची पूड लाकडी जमिनीवर फासली, वरून फडकं फिरवलं आणि त्याच्या तोंडाची चवच गेली.

ही त्याची नेहमीची पद्धत. वरची पूड पुसली जाते, पोच्यांच्या खळग्यांतली तशीच राहते, म्हणजे बुजवताना एकही सुटत नाही. पण असे पोचे त्यानं वीस वर्षांत पाहिले नव्हते. चंद्रकोरीसारखे, सगळे एकाच मापाचे. पलंगापाशी सुरू झाले होते ते थेट दारापर्यंत. पलंगाजवळ खोल, पुढं पुढं उथळ.

"पलंग सरकवताना पडले," भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत दीपकशेठ म्हणाला. "उद्या आईचे दिवस, गंधमुक्ती. शिंदखेड्याहून आमची थोरली बहीण, अक्का येईल, तिची नजर म्हणजे घारीची. बठ्ठं सपाट दिसलं पाहिजे, एकही पोचा राहता कामा नये, कय्युमभाई. आईच्या पायाला फरशी गार लागायची, म्हणून ही सागवानी जमीन करून घेतली मी. कोण करतं हो आजकाल एवढं?"

पलंग म्हणे! पलंगाचे पाय चांगले चौकोनी होते. कय्युम काय काल लाकडाला हात लावायला शिकला होता? कोपऱ्यातल्या तिपाईवर स्टीलचा एक पेला होता. शेठ फोन घ्यायला बाहेर गेला तसा त्यानं तो उचलला. काठ चेपलेला, वाकडा झालेला. एका पोच्यावर टेकवून पाहिला. बरोब्बर बसला.

प्रमिलाबाईंना लकवा झाल्यापासून त्यांची वाचा गेली होती, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. काही हवं असलं की म्हातारी पेला वाजवायची. कय्युम मातीला आला होता, तेव्हा शेठनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं होतं, "आम्ही सगळे उशाशी होतो रे. झोपेतच गेली आई."

झोपेतलं माणूस सरपटत दारापर्यंत येतं होय? शी! कय्युमला शेठची किळस आलीच, पण स्वतःचीही आली, कारण मेणाची कांडी त्यानं तापवायला घेतलीच होती. शेठच्या नव्या बारा बंगल्यांचं पॉलिश त्यालाच मिळायचं होतं. त्याच भरवशावर त्यानं आपल्या लेकीला, सदफला, नर्सिंगला घातलं होतं. त्यानं पहिला पोचा बुजवला. असा बुजला की त्यालाही सापडेना. आपल्या हाताच्या सफाईची त्याला आज पहिल्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या पोच्याला हात घालणार तेवढ्यात शेठची धाकटी बहीण हेमांगी धुळ्याहून आली. एक दिवस आधीच. आल्या आल्या आईच्या गादीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मागं शेठ उभा होता, कय्युमकडे डोळे वटारून.

कय्युमला राहवलं नाही. चुलीत गेले ते बारा बंगले!

"ताई, जरा खाली बसा. इथून दारापर्यंत हात फिरवा. पलंगानं नाही पडलेले हे. ह्या पेल्यानं पडलेत. तुमची आई पेला आपटत आपटत दारापर्यंत गेली. कुणी आलं नाही. दाराजवळचा शेवटचा बघा, नुसता टेकवलाय. हातात जोरच राहिला नव्हता."

"कय्युम!" शेठ ओरडला.

हेमांगी खाली बसली. एकेका पोच्यावरून हात फिरवत गुडघ्यांवर पुढं सरकत गेली. दारापाशी तिचं बोट थांबलं. कय्युमच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हातारीची हाक उशिरा का होईना, पोटच्या पोरीपर्यंत पोचली होती. आता काम गेलं तरी बेहत्तर.

ती उठली. बोटांची पूड ओढणीला पुसली, डोळे पुसले आणि भावाकडे वळली.

"भाऊ, फोनवर काय सांगितलं होतं मी तुला? अक्का यायच्या आधी बुजव म्हटलं होतं ना? आई गेली त्या दिवशी आपण बठ्ठे जामनेरला हळदीत नाचत होतो, हे तिला कळलं म्हणजे?"